इंदूवन्संचा थांबा

"काकी, आत्या गेली. झोपेतच गेली," असा आचऱ्याहून पुतण्याचा फोन आला, तेव्हा मी कुडाळला लेकाकडे भाजी निवडत होते. माझ्या तोंडून निघालं, "लागली म्हणायची झोप एकदाची!" त्याला कसं सांगू... माझी ही नणंद साठ वर्षं खूप झोपली, पण झोपून ताजी कधी उठली नाही.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीला मी लग्न होऊन आचऱ्यात आले. वय एकोणीस, अंगात म्हशीची ताकद आणि डोक्यात अक्कलही तिचीच. इंदूवन्सं शाळेत मास्तरीण. त्या पावसाळ्यात त्यांना आठ दिवस ताप आला होता. ताप गेला, पण जोर काही परत आला नाही. विहिरीवरून एक कळशी आणायची तर अर्ध्या वाटेवर, माडाखालच्या चिऱ्यावर टेकायच्या. उभं राहिलं की अंधारी. बोलता बोलता 'विळी'सारखा साधा शब्द सापडायचा नाही. मालवणच्या डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, काही निघालं नाही. म्हणजे सोंग, असा निकाल मी चुलीपुढे बसून दिला! त्या चिऱ्यावर बसल्या की मी एस्टीचा कंडक्टर व्हायचे. "टिंग! गाडी थांबली!" आणि लगेच, "टिंग टिंग! उठा वन्सं, गाडी सुटली!" त्या हसायच्या. "थांब गो सुमन, जरा बसतंय," म्हणत उठायच्या. आणि दोन दिवसांनी आडव्या. परवाच्या कळशीचा थकवा आज कसा येईल? मला तो सोंगाचा पक्का पुरावा वाटायचा.

रजा मे महिन्याच्या सुट्टीपर्यंतच होती. शाळा उघडताना हजर, नाहीतर नोकरी गेली. आणि त्या नोकरीत वन्संचा जीव. सासूबाई देवळात कौल लावायला निघाल्या, तेव्हा प्रश्न या शहाणीने सुचवला. "देवाची सेवा केल्यार वन्सं बरी होतली काय, ता इचारा." गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला चिकटवलेल्या कळ्यांतली उजवी कळी पडली. देवाने फक्त हो म्हटलं होतं. रोज सकाळी एक कळशी पाणी देवळात, अकरा दिवस, हे मी ठरवलं.

वन्सं एकदाही नाही म्हणाल्या नाहीत. मागून मी टिंग टिंग करत. सातव्या दिवशी चिऱ्यावर बसल्या त्या बसल्याच. "माका उठाक जमणा नाय गो." मी दोन घंट्या मारल्या. पुन्हा मारल्या... शेवटी उचलून घरात आणलं. तेव्हापासून वन्सं खिडकी लावून अंधारात पडून असायच्या, भांडं वाजलं तरी कानांवर हात. त्या चतुर्थीला आमच्या घरात आरती झांजेविना झाली. शाळेत दुसरी मास्तरीण आली.

दोन वर्षांपूर्वी माझी डॉक्टर नात त्यांच्या उशाशी बसली, सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आजी, याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. कधी कधी साध्या तापानंतरही सुरू होतो. श्रमाचा फटका दोन दिवसांनीही बसतो. जोर लावला तर आजार वाढतो."

"औषध?" मी विचारलं.

"बरं करणारं नाही गं. झेपेल तेवढंच करायचं."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे ता सोंग नाय होता गो?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होत्या... त्यांनाही मी पटवून ठेवलं होतं!

बाराव्याला आचऱ्यात गेले. माड केव्हाच पडला, चिरा आहे. मधोमध झिजून खोलगट झालाय. पुतण्या वाटेवर फरशी घालणार म्हणाला. म्हटलं, एवढा राहू दे. त्यावर बसले आणि हळूच म्हटलं, "टिंग."

दुसरी घंटा मारली नाही.