कुणी मारत नव्हतं ते घर

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. मग आईबरोबर ठाण्याच्या बाजारात मासळी घेऊन बसायला लागले. ऱ्हस्व दीर्घ मला अजून कळत नाही. उजवं मनगट नीट जुळलं नाही, त्यामुळे ओळ वर चढत जाते. ही वही कुणाला दाखवणार नाही, पण कुणाच्या हाताला लागलीच तर हसू नये.

नवरा मारायचा. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं कळेल. लोक विचारायचे, पितो का? पीत नव्हता. डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत कामाला होता, वेळेवर जायचा, वेळेवर ठाकुर्लीला घरी यायचा. मारायच्या आधी हातातलं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवायचा. घड्याळाचा पट्टा सुटल्याचा आवाज आला की माझी मुलगी पुस्तक घेऊन मोरीत जाऊन उभी राहायची. ती नऊ वर्षांची होती. एकदा कुकरचं झाकण, एकदा इस्त्रीची वायर, एकदा तापलेलं उलथनं. बाकी हातच.

माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने कर्ज काढून चाळीस हजार भरले होते. ते तो कधी विसरला नाही. दर वेळी मारताना म्हणायचा, "चाळीस हजार घातलेत तुझ्यावर. टाक माझे चाळीस हजार आणि जा कुठे जायचं तिथे." मी काही बोलत नसे. मला बोलता येत नाही चार माणसांत. घरातही येत नसे.

तेव्हा मी ठाण्याला घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये जर्मन लोकांकडे कामाला लागले. साहेब, मॅडम आणि पाच वर्षांची मुलगी. साहेब कुठल्या तरी कारखान्यात मोठे इंजिनीअर. त्यांनी आयुष्यात कधी कामवाली ठेवली नव्हती. पहिल्या दिवशी मी गेले तर मॅडमनी लादी पुसून ठेवलेली, भांडी घासून ठेवलेली. आपलं घर घाण दिसेल म्हणून लाज वाटली असणार. मी काय करू ते मला कळेना. मग पुसलेलीच लादी पुन्हा पुसली. त्या माझ्या मागे मागे फिरत होत्या आणि प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणत होत्या. मला वाटलं, ही बाई मला ठेवणार नाही.

चहाच्या वेळेला मी खाली बसले तर त्याही खाली बसल्या. त्यांचा गुडघा दुखत होता, उठताना भिंत धरावी लागली. दुसऱ्या दिवसापासून मी खुर्चीवर बसायला लागले ते त्यांच्या गुडघ्यासाठी. कप त्यांच्यासारखाच दिला होता. मी तो धुऊन वेगळा ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सगळ्यांच्यात मिसळलेला असायचा.

एकदा त्या मला पुढच्या लिफ्टने घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी वॉचमनने दंड धरून मला मागच्या लिफ्टकडे ढकललं. म्हणाला, "मेमसाहेब झाली काय? गोऱ्याकडे काम करते म्हणून?" समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मॅडमना सांगितलं की एवढं डोक्यावर बसवू नका, उद्या चोरी करतील. मॅडम मला ते हसत हसत सांगत होत्या. मी हसले नाही.

त्यांच्याकडे एक कागद होता. त्यावर त्यांची सही, माझी सही. किती तास काम, रविवारी सुट्टी, आजारी पडले तर पगार चालू. त्या फोनमध्ये जर्मनमध्ये बोलायच्या आणि फोनमधली भाषांतराची बाई तेच हिंदीत वाचायची. पगार रोख द्यायचा नाही, खात्यातच, असं त्यांचं होतं. त्यासाठी मॅडमनी स्वतः बँकेत नेऊन माझं खातं काढलं. पगार अठरा हजार. नवऱ्याला मी बारा सांगितले. आयुष्यात त्याच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. बाराचे बारा तो घ्यायचा.

त्यांच्या मुलीला मी छोटी म्हणायची. तिला राग आला की चावायची सवय होती. सगळ्यांना चावायची, आईलाही. साहेब तिच्यासमोर उकिडवे बसून हळू आवाजात काहीतरी समजावायचे. मला वाटायचं, एक चापट दिली की विषय संपेल, एवढं काय बोलत बसायचं.

एके दिवशी मी तिला दूध पाजत होते. तिला नको होतं. तिने माझ्या दंडाला चावा घेतला, आणि नेमका तिथे, जिथे आदल्या दिवशी नवऱ्याने तापलेलं उलथनं लावलं होतं. डोळ्यापुढे पांढरं झालं. माझा हात उठला आणि तिच्या कानाखाली बसला. अर्धवट नाही, पूर्ण ताकदीने, जसा मला बसतो तसा. ती खुर्चीवरून खाली गेली. दूध सगळीकडे सांडलं.

ती रडली नाही. नुसती बघत राहिली. तिला कधी कुणी मारलंच नव्हतं. काय झालं तेच तिला कळत नव्हतं.

मी खाली बसले. आता मला मारतील, मग पोलीस बोलावतील, म्हणून ओढणी नीट करून वाट बघत बसले. मॅडम धावत आल्या, मुलीला उचललं आणि आतल्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या त्या एकट्या. चेहरा पांढराफटक. त्या फोनमध्ये बोलल्या आणि फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, "इस घर में कोई किसी को नहीं मारता." मी मान हलवली. मग त्यांचं लक्ष माझ्या दंडाकडे गेलं. बाही वर सरकली होती. त्या पुन्हा फोनमध्ये बोलल्या. "आपको कौन मारता है?"

मी बाही खाली ओढली. तरी त्यांना कळलं.

त्यांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं तेव्हा वाटलं, कारण पुढे छोटी कितीतरी दिवस माझा हात जवळ आला की एक खांदा वर करायची. ते खांदा वर करणं मला ओळखीचं होतं. माझी मुलगी करते. मी ते एका दिवसात दुसऱ्या पोरीला शिकवलं.

साहेब मॅडमनी दोन दिवस आपापसात विचार केला आणि ठरवलं की नवऱ्याला चहाला बोलवायचं. त्यांच्याकडे तसंच करतात म्हणे. काही बिनसलं की समोरासमोर बसायचं, बोलायचं, ऐकून घ्यायचं. मी म्हटलं, "नको, मॅडम." एवढंच म्हणता आलं. नको का, ते मला हिंदीत सांगता येईना. मराठीतही आलं नसतं. फोनमधल्या बाईला मी काय सांगणार होते?

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. साहेबांनी दारात जाऊन हात मिळवला, त्याला सर म्हटलं, सोफ्यावर बसवलं. मॅडमनी केक केला होता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. साहेब फोनमध्ये बोलायचे, फोनमधली बाई सांगायची, "हम आपकी पत्नी का बहुत सम्मान करते हैं. हमें चिंता है." तो बशी मांडीवर धरून म्हणायचा, "जी सर. गलती हो गया सर. अब नहीं होगा." दोन वेळा त्याने कानाला हात लावला. साहेबांचा चेहरा असा उजळला, जसं मशीन दुरुस्त झालं. जाताना मॅडमनी आमच्या मुलीसाठी केकचा तुकडा कागदात बांधून दिला.

ट्रेनमध्ये तो माझ्या समोर. केक मांडीवर धरून बसलेला. कागद चुरगळूही दिला नाही. घरी आल्यावर मुलीला हाक मारली, म्हणाला, "घे बाळा, तुझ्यासाठी गोऱ्यांनी पाठवलाय. खा." मग दाराला कडी घातली. घड्याळ काढलं.

"सोफ्यावर बसवलंस मला. गोऱ्यासमोर कान धरायला लावलेस." हे एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा बोलत होता. आधी केस धरून भिंतीवर, मग लाथा. मी मोरीच्या कट्ट्याचा आधार घेतला तर त्याने माझ्या हातावर पाय दिला आणि वरून दाबला. मनगटातून ओली काठी मोडल्यासारखा आवाज आला. मुलगी भिंतीकडे तोंड करून केक खात होती. खा म्हणून सांगितलं होतं म्हणून खात होती. घास गिळवत नव्हता तरी खात होती.

दिवेलागणीची वेळ होती, सगळी चाळ घरात. बाहेरून दार वाजवायला लागले. तो ओरडला, "माझ्या बायकोला मारतोय. चाळीस हजार घातलेत मी हिच्यावर. टाकू दे माझे चाळीस हजार, जाऊ दे मग कुठे जायचंय तिथे." शेजारणीने माझ्या आईला फोन लावला होता.

आई ठाण्याच्या कोळीवाड्यातून तासाभरात आली. नेसूच्या लुगड्याला मासळीचा वास, पिशवीत कोयता तसाच. ती आत आली नाही. गॅलरीत उभी राहिली.

"बाहेर ये," ती नवऱ्याला म्हणाली. "आत काय बोललास ते मना बाहेर येऊन सांग."

कडी काढून तो दारात आला. "आई, तुम्ही मधे पडू नका. घरातली गोष्ट आहे."

"घरातली नाय. सगल्या चालीला ऐकू गेली म्हंजे बाजारातली झाली. किती सांगितलास?"

"चाळीस हजार. ऑपरेशनचे."

"आनि हिनं भांडी घासून आनले ते?"

"ते घरात खर्च झाले."

"बरं. चालीस. काय कमी करतोस?"

गॅलरीत कोणीतरी हसलं. त्याचे कान लाल झाले. "एक रुपया कमी नाही."

"नको करू. चालीस तर चालीस. फिटले की पोर माजी, नात माजी, तू परत दारात उभा राहायचा नाय. बोललास ना? ऐकलंत ना रं?"

"ऐकलं, मावशी," शेजारचे म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं."

त्याला बोललेलं परत घेता येईना. आईने बाजारात आयुष्यभर हेच केलं आहे. गिऱ्हाईकाने चार माणसांत आकडा सांगितला की ती लगेच टोपलीवरचं फडकं काढते. त्या रात्री मी आणि मुलगी तिच्याबरोबर निघालो ते दोन पिशव्या घेऊन.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. तिसऱ्या दिवशी मी मॅडमकडे कामाला गेले. दार उघडल्यावर त्या माझ्याकडे बघून तिथेच भिंतीला टेकून बसल्या. साहेब कारखान्यातून लवकर आले. दोघं रडत होते. मला वाईट वाटलं. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. पोलिसांत जाऊ म्हणाले. मी म्हटलं, नको. मग मॅडम म्हणाल्या की चाळीस हजार आम्ही देतो, आजच, परत द्यायचे नाहीत.

मी त्यालाही नको म्हटलं. आई माझ्यावर चिडली. "फुकट देते तर घे ना गो, वेडी का काय तू?" पण ते त्यांच्याकडून घेतले असते तर मारताना बोलायला त्याला नवीन वाक्य मिळालं असतं, आणि मला वाटलं असतं की मी या घरातून त्या घरात विकले गेले. आईच सांगायची, उधारी ठेवून बाजारातून उठू नये. माझी उधारी मलाच भागवायची होती. माझ्यावर तो जो हक्क सांगत होता तो तेवढाच होता, आणि मला तो माझ्या हाताने संपवायचा होता.

दीड महिना हात प्लास्टरमध्ये. मॅडम लादी पुसायच्या, मी एका हाताने छोटीच्या कपड्यांच्या घड्या करायची. महिन्याला पूर्ण पगार आला. मी म्हटलं, काम केलं नाही. त्यांनी तो कागद काढून आजारपणाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे वाद नव्हता. त्या पगारातून मी पहिले चार हजार दिले.

खात्यात टाकू का विचारलं तर नवरा नको म्हणाला, बँक कर्जात कापून घेते, हातात दे. मी खोपटच्या एसटी डेपोत ये म्हटलं. तिथे कायम माणसं असतात. दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी चार हजार. पहिल्या वेळी त्याने मोजले आणि म्हणाला, "आणि गोऱ्याच्या बिछान्यातले वेगळे ठेवतेस का?" मी बसच्या रांगेकडे वळले.

तिसऱ्या वेळी त्याने पैसे घेतले, खिशात घातले आणि माझं नुकतंच सुटलेलं मनगट धरून पिरगळलं. "चल घरी. बस झालं नाटक." मी ओरडले नाही, तो आवाजच माझ्याकडे नाही. हातात मॅडमच्या घरचा स्टीलचा डबा होता, भरलेला. तो मी त्याच्या तोंडावर मारला. पहिल्यांदा मी कुणा मोठ्या माणसाला मारलं. त्याच्या ओठातून रक्त आलं, भात त्याच्या शर्टावर. एक कंडक्टर पुढे आला. "ओ, काय चाललंय? बाईच्या अंगाला हात लावतोस?" नवरा निघून गेला. मी बाकावर बसले. मला बरं वाटलं, असं लिहायला हवं का ते कळत नाही. बरं वाटलं. आणि छोटी खुर्चीवरून पडलेली दिसली.

पुढच्या वेळेपासून आई बरोबर यायची. पिशवीत कोयता असायचा, वर मेथीची जुडी. तो लांब उभा राहून पैसे घ्यायचा, शिव्या हळू आवाजात द्यायचा. सातव्या महिन्यात आलाच नाही. आई म्हणाली, सोड. मी तरी आठव्या महिन्यात आठ हजार घेऊन गेले.

दहाव्या महिन्यात तो लवकर येऊन उभा होता. मी पाचशेच्या आठ नोटा दिल्या. त्याने त्या दोनदा मोजल्या. एक फाटकी आहे म्हणाला. खरंच कोपरा फाटलेला होता. आईने बटव्यातून दुसरी काढून दिली आणि फाटकी त्याच्या हातातून काढून घेतली.

"झाले?" आईने विचारलं.

मग मीही विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "चाळीस झाले का?"

"झाले," तो म्हणाला.

"पूर्ण?"

"पूर्ण."