ब्रदर, सिस्टर आणि मावशी

जूचंद्रच्या कमळी भोईरने रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम रीतसर पूर्ण केला होता. तरीही वसईतल्या त्या रुग्णालयाच्या हृदयविभागात तिची ओळख 'मावशी' एवढीच. परिचारिका त्या सिस्टर, परिचारक तो ब्रदर, आणि रात्रभर रुग्णांची अंगे पुसणारी, त्यांना उठवणारी-बसवणारी ती मात्र मावशी. तिच्याहून वयाने मोठे डॉक्टरही तिला तसेच हाकारत. नात्याचा गोड शब्द फुकटात वापरून माणसाचे नाव गिळून टाकायचे, ही आपली सुसंस्कृत रीत. या रीतीविरुद्ध तक्रार कोणत्या खिडकीवर नोंदवायची, ते अद्याप कुणी सांगितलेले नाही. कमळीला तो शब्द सलत असे.

अशात पाचूबंदरचे इग्नेशियसबाबा बायपास होऊन विभागात आले. जन्म होडीवर काढलेला माणूस. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, पण बाबा खाटेवरून उठेनात की खोकेनात. असेच पडून राहिले तर छातीत कफ साठेल आणि केलेले सगळे वाया जाईल, असे डॉक्टरांनी बजावले. मुलगा स्टॅनी विनवून थकला. बाबा डोळे मिटून जपमाळ ओढत राहिले.

रात्रपाळीला आलेल्या कमळीने त्यांचे ओठ ओले केले आणि, घरची माणसे वाट पाहत असताना हा रुसवा कशासाठी, असे विचारले. बाबांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला.

"बाय, मना फसवू नको. शुद्धीवर आलो तवा कोनतरी हाका मारीत होता, ब्रदर या, सिस्टर या. दोघं आली. आता फादर तेवढं यायचं राहिलंत."

कमळीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चर्चच्या घंटेवर वाढलेला हा माणूस. ब्रदर-सिस्टर म्हणजे त्याच्या लेखी मठातली मंडळी, आणि ती उशाशी जमली म्हणजे शेवटची प्रार्थनाच. तिने ड्यूटीवरच्या परिचारकाला, अल्पेशला बोलावून खाटेसमोर उभे केले. कानात बाळी, मनगटावर गोंदवलेला त्रिशूळ. बाबा त्याला निरखत राहिले.

"ह्यो ब्रदर?"

"ह्योच."

"आनी तू कोन?"

इतकी वर्षे सललेला तो शब्द कमळीने प्रथमच स्वतःच्या तोंडाने उच्चारला.

"मी मावशी. मरनाऱ्याच्या उशाला कोन मावशीला बोलवतो का, बाबा?"

 बाबा टाके सांभाळत छातीशी उशी आवळून असे हसले, की त्या हसण्यातच अडलेला खोकला मोकळा झाला.

सकाळी डॉक्टर फेरीवर आले तेव्हा बाबा कमळीच्या खांद्यावर हात टाकून मार्गिकेत चालत होते. त्यांना आता बसव, असे कुणीसे 'ए मावशी' म्हणत फर्मावले. बाबा थांबले, वळले.

"ए नाय, अहो," ते म्हणाले. "आनी बाजू द्या. माजी मावशी येते."

नातीच्या वयाच्या त्या मावशीला सगळ्यांनी, डॉक्टरांसकट, वाट दिली.