पाव्हण्याचं रान

जनावरांच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत; केसांसारखे कपड्यांना चिकटून घरी येतात. नांदेडच्या आमच्या दवाखान्यात मी कंपाउंडर. दुपारी डोळा लागता लागता मला हमखास आठवतो तो कांबळे गुरुजींचा फेरेट.

फेरेट म्हणजे लांबुडकं, मऊ, मुंगसासारखं जनावर. गुरुजींच्या लेकीनं पाळलेलं. ती परदेशी गेली आणि ते रिटायर, एकट्या गुरुजींकडे राहिलं. गुरुजी त्याला ‘पाव्हणा’ म्हणत.

*

पहिल्यांदा त्याला टॉवेलात गुंडाळूनच आणलं. “मॅडम, गेला हो पाव्हणा. लेकीला काय सांगू?”

डॉक्टर मॅडमनी उचललं तर मान लोंबत होती. मीही हळहळलो. तेवढ्यात पाव्हण्यानं जांभई दिली, आम्हा तिघांकडे बघितलं आणि परत झोपला.

“गुरुजी, हे दिवसाचे चौदा-चौदा तास झोपतात.”

“चौदा तास? मग सपनात जातो तरी कुठं हा?”

याचं औषध आमच्याकडे नव्हतं.

*

गल्लीला तो मुंगूसच वाटायचा. मुंगूस दिसणं शुभ, म्हणून मुलाखतीला निघालेली माणसं आधी गुरुजींच्या खिडकीशी.

“मी असलं मानत न्हाई,” गुरुजी ठणकावत. “आन् तो झोपलाय. अकराला या.”

*

चोर मात्र पक्का. मॅडमचं पेन, माझा रुमाल, सगळं त्याच्या पिंजऱ्यातल्या गोधडीखाली सापडायचं. जीव जडलेली वस्तू तो घरी नेतो, असं मॅडम म्हणत.

*

एकदा गुरुजींनी विचारलं, “ह्याचं मूळ गाव कोणतं?”

मॅडम म्हणाल्या, पूर्वज युरोपातले, रानात बिळं धरून राहणारे. माणसानं शिकारीसाठी पाळले, त्यालाही हजारो वर्षं झाली. गुरुजी ‘रान’ या शब्दापाशीच थांबले असावेत. “म्हंजे मी ह्याला डांबून ठेवून राहिलो,” एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

*

आठवड्यानं सकाळी त्यांचा फोन आला. “हिमायतनगरच्या रानात आलोय. पाव्हण्याला पोचवायला.”

मॅडम ताडकन उठल्या. “घरचं जनावर आहे ते. रानात चार दिवस जगणार नाही.” आम्ही दिवसभर फोन लावला, लागला नाही.

संध्याकाळी गुरुजी पिंजरा घेऊन दारात. पायात एकच मोजा.

“दार उघडलं. म्हणलं, जा बाबा तुझ्या मुलखात. सागाखाली टेकलो, डोळा लागला. उठून बघतो तर चष्म्याचं घर न्हाई, शिदोरीचं फडकं न्हाई, मोजा न्हाई. समदं पिंजऱ्यात, गोधडीखाली. वर हा झोपलेला.”

गुरुजी पिंजऱ्याकडे बघत राहिले.

“माझं समदं बिऱ्हाड भरलं होतं त्यानं. मीच तेवढा मावलो न्हाई.”