बरणी गप्प होईना

नंदाखालला आमच्या घरी नाताळची वाईन आई मार्चमध्येच घालते, काळी द्राक्षं भरपूर येतात तेव्हा. कुस्करलेली द्राक्षं, साखर आणि यीस्ट चिनी मातीच्या बरणीत, वर फडकं. गाळायचा दिवस कॅलेंडरवर नसतो. आई रोज सकाळी बरणीला कान लावते आणि आतली बुडबुड थांबली की गाळते. एका वर्षी थंडी लांबली, बरणी महिनाभर हळूहळू बोलत राहिली आणि वाईन मऊ झाली. उकाड्याच्या वर्षी दहा दिवसांत गप्प झाली, तर जिभेला टोचली.

गेल्या वर्षी नाशिककडे अवकाळी पाऊस पडला. द्राक्षं फुगलेली, पाणचट. आईने एक चाखलं आणि साखर वाढवली. पुढे उकाडा असा पडला की मला वाटलं, आठवड्यात उरकेल.

तीन आठवडे झाले. "अजून बोलते," आई म्हणाली. पाच झाले तरी तेच. भर दुपारी कोठीच्या खोलीत कोणीतरी पुटपुटत बसलंय असं वाटायचं. मी घाबरट नाही, पण तिथून मीठ आणायचंही जिवावर यायचं. एकदा कान लावला तर आवाज थांबला. मी बाजूला झाले, तशी परत सुरुवात.

मग एका सकाळी दारातून पाहिलं. आईने फडकं सोडलं, दोन वाट्या साखर ओतली, ढवळलं.

"बरी आलीस, बाय," ती म्हणाली. "द्राक्षं पाणचट आहेत. पहिली साखर आत्ताच घातली."

साखरेचा डबा सारखा रिकामा होत होता आणि मी घरच्यांवर डाफरत होते. अर्ध्या गावाला वाईन घालायला हिनेच शिकवलं. तिला हे सांगायचं कोणी? माझी हिंमत झाली नाही. मी डबा लपवला आणि साखर संपली म्हणून खुशाल थाप मारली. काही दिवसांनी बरणी गप्प झाली. ती शांतता मला बुडबुडीपेक्षा वाईट वाटली.

नाताळला पहिला पेला रिवाजाप्रमाणे आईला दिला. एक घोट घेऊन तिने तो खिडकीच्या उजेडात धरला.

"कोणाच्या घरची?"

"आपलीच."

"नाय, बाय. जिने घातली तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. जेवण झालं की बिचारीला बघून ये."

जाते, म्हटलं.