कादंबरीतलं खेडं

अमरावतीच्या कचेरीतले एक कारकून माझ्याकडून कादंबऱ्या न्यायचे. त्यांच्या घरात नुकतीच बुद्धाची तसबीर लागली होती. हात धुतल्याशिवाय ते पुस्तक उघडत नसत आणि परत देताना एकच शब्द बोलत: ‘जमली’, नाहीतर ‘फसली’.

एकदा मी त्यांना माझी सगळ्यांत लाडकी कादंबरी दिली. तिच्यातलं खेडं मला माझंच वाटायचं. पुस्तक परत देताना मात्र ते पानंच चाळत राहिले.

“काय हो, फसली?”

“जमली, मास्तर. देऊळ पाह्यलं, नदी पाह्यली, पाटलाची बैठक पाह्यली. मंग गावाबाहेरची आमची घरं धुंडत राह्यलो. एकबी नाही दिसलं.”

आवाजात राग नव्हता. त्यांनी दुसरी कादंबरी मागितली.

ती कादंबरी अजूनही मी वाचतो. त्या खेड्यात आता करमत नाही.