रोवणाऱ्या बायांचा धक्का

बायांनो, आज सकाळी माझी नात इंग्रजी पाठ करून राहिली होती. "आजी, शव्ह म्हणजे जोरानं, धसमुसळेपणानं ढकलणं." पुस्तकातलं वाक्य भांडणाचं होतं.

मी म्हटलं, "माझं वाक्य लिही. बायांनी शव्ह केलं, म्हणून तुझा बाप जगला."

पोरगी वही घेऊन जवळ सरकली.

अठ्ठ्याहत्तर साल असेल. धानाच्या रोवण्याचे दिवस. मले कळा सुरू झाल्या अन् दवाखान्यात जाताना दिघोरीजवळ आमची बैलबंडी चिखलात रुतली. नवरा वर बसून नुसता बैलाले हाणून राहिला होता.

बाजूच्या धानाच्या बांधीत बाया रोवत होत्या. रोवणाऱ्या बाया ओळ मोडत नाहीत, वाकून मागं मागं सरकत जातात. पण माझं ओरडणं ऐकून साऱ्या ओळीनं हातातलं रोप टाकलं.

त्यातली एक म्हातारी माझ्या नवऱ्यावर खेकसली, "काहून मारतेस गा बैलाले? त्याले लेकरू होऊन राहिलं का? उतर, लाव खांदा!"

साऱ्यांनी असा धक्का दिला की बंडी निघाली अन् मी बंडीत आडवी. मी दोन शिव्या हासडल्या. त्या हसल्या अन् पुन्हा रोवायले गेल्या.

पोरगा झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता, तर दोघंही गेली असती."

दिवसभर मागं सरकणाऱ्या बायांनी आमाले पुढं ढकललं. तुमाले कोणी असं ढकललं असेल, तर त्याचं नाव खाली लिहा. मी लिहिलं असतं, पण तवा शिव्या द्यायच्या नादात नावं विचारायचीच राहिली.