एकाच चालीची उत्तरं

नोकरीतली बहुतेक प्रकरणं फाइलबरोबर मिटली. किरनापूरकडच्या एका सरकारी शाळेचं प्रकरण मात्र अजून स्वस्थ बसू देत नाही. साठच्या दशकाचा शेवट होता, मी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात ठाणेदार होतो.

त्या शाळेची दोन-चार मुलं आठवीच्या बोर्डात जेमतेम पास होत. घरी मराठी, पुस्तकं हिंदी. त्या वर्षी मात्र सगळ्यांची उत्तरं बरोबर, आणि शब्दाला शब्द सारखी. निकाल रोखला गेला. शेजारच्या शाळेचे मास्तर ठाण्यात आले.

"पेपर फुटला, साहेब. तिथले पोट्टे अन् पास? काहून चेष्टा करता!"

मला पटलं. सगळे जबाब एका साच्यातले आले की ते पढवलेले असतात, हे नवा शिपाईही जाणतो.

शाळेत जाऊन तिथल्या मास्तरांना बाहेर बसवलं. मुलांना एकेकटं बोलावलं आणि पेपरात न आलेले प्रश्न विचारले. एका मुलीला वाष्पीकरण, म्हणजे आपलं बाष्पीभवन, विचारलं. तिने डोळे मिटले, जराशी वाकली आणि चालीत सुरू झाली, "वाष्पीकरण वह क्रिया है..." बोटं चिखलात रोप खोवल्यासारखी हलत होती. मध्येच थांबवलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

"कुठे शिकलीस?"

"बांधीत, साहेब. धानाच्या रोवणीच्या टायमाले आमी शाळेत कुठं असतो? मास्तर वावराच्या धुऱ्यावर उभे राहून सांगत, आमी रोवता रोवता म्हनत होतो."

बाकीची मुलंही तशीच बोलली. पेपर फुटला नव्हता, अख्खं पुस्तक पाठ होतं. मी निर्धास्त झालो आणि सहज म्हणालो, "आता आपल्या बोलीत सांग, म्हणजे काय?"

तिने दाराकडे पाहिलं. "मतलब मास्तर निकालानंतर सांगनार हायेत."

सोबतचा हवालदार हसला. मला हसू आलं नाही. मास्तरांना आत घेतलं.

"परीक्षेत मतलब विचारत नाहीत, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "नापास झाली का बाप उद्याच शाळा सोडवते. पास झाली तर हायस्कुलात जाईल. मतलब शिकवाले सारा उन्हाळा पडला हाय."

पेपर फुटला नाही, नक्कल झाली नाही, असा अहवाल लिहिला. पुढे निकाल लागला, ती मुलगीही पास झाली. गुन्हा नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं, हे तिथे कळलं. 'शाळेतील शिक्षण समाधानकारक' असं एक वाक्य अहवालात जोडा, असं वरिष्ठ सहीच्या आधी म्हणाले होते. कोऱ्या जागेवर बराच वेळ पेन धरलं. शेवटी जागा तशीच ठेवून सही केली.